पंधरा मिलिमीटरांचं अंतर

मोबाईलच्या खोक्यात बारीक अक्षरातलं जे माहितीपत्रक असतं ते वाचण्यासाठी नसतं, खोक्यात फोन हलू नये म्हणून घातलेलं असतं, असा मिनेसोटातल्या एल्क्सबर्ग गावाचा सर्वसाधारण समज होता. आर्विड लिंडस्ट्रॉमने ते वाचलं. चष्मा पुसून, हातात पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पुढे जे घडलं त्याचा दोष कोणाला द्यायचाच झाला तर या वाचनालाच द्यावा लागेल.

सदतिसाव्या पानावर एक वाक्य होतं. फोन अंगावर बाळगताना तो शरीरापासून निदान पंधरा मिलिमीटर दूर ठेवावा. बस, एवढंच. का ठेवावा, न ठेवल्यास काय होतं, आणि आजवर कित्येक वर्षं ठेवलेला नसल्यास आता काय करावं, याबद्दल पत्रक गप्प होतं. अडतिसाव्या पानावर लगेच फोन कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नये, ही सूचना सुरू होत होती.

दुसऱ्या कोणी हे वाचून पान उलटलं असतं. पण आर्विड राज्याच्या वजनमाप खात्यात निरीक्षक होता. चौतीस वर्षं तो दुकानांतले काटे आणि पेट्रोलचे पंप तपासत आला होता. गॅलनमागे चार चमचे पेट्रोल कमी पडलं की तो पंपावर लाल पट्टी चिकटवून मोकळा व्हायचा, मग मालक सख्खा चुलतभाऊ का असेना. एकदा तो खरोखरच चुलतभाऊ निघाला होता, आणि त्या बाजूचं नाताळचं बोलावणं तेव्हापासून बंद आहे. अशा माणसापुढे 'पंधरा मिलिमीटर' हे शब्द टाकणं म्हणजे ज्योतिष्यापुढे पत्रिका टाकण्यासारखंच होतं. त्याने कपाटातून आपली पोलादी मापणी काढली, शर्टाच्या खिशात फोन ठेवला आणि फोन व छाती यांच्यातलं अंतर मोजलं. शर्टाचं कापड आणि आतला लोकरी गंजीफ्रॉक मिळून दोन पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर. खाली बरोब्बर काळीज.

"मार्लिस," तो बायकोला म्हणाला, "तेरा वर्षं मी जवळजवळ पावणेतेरा मिलिमीटरांनी चुकतोय."

मार्लिस शब्दकोडं सोडवत होती. "मग तेरा वर्षं तू जिवंत आहेस तो कोणाच्या चुकीने?" तिने मान वर न करता विचारलं.

पण आर्विडला हसू आलं नाही. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. फिनिक्सला मुलगी होती, तिला दोन वर्षांचा मुलगा होता, आणि त्या नातवाला बर्फात भोक पाडून मासे कसे धरायचे ते शिकवायचा बेत त्याने मनाशी पक्का केला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या काट्यांवर पाळत ठेवावी आणि आपल्याच खिशात खोटं माप निघावं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर ओयेलारन ही तरुण, शांत बाई होती. तिने रक्तदाब पाहिला, छाती ऐकली आणि समजावून सांगितलं, की या लहरींमुळे अपाय होतो असं इतक्या वर्षांच्या अभ्यासात ठामपणे काही आढळलेलं नाही. पत्रकातले आकडे भरपूर मोकळी जागा सोडून ठरवलेले असतात. संशोधन चालू आहे. तरी मनाला लागत असेल तर फोन कानाला न लावता स्पीकरवर बोलावं, आणि थोडं कमी बोलावं. या सगळ्यातलं आर्विडने एकच वाक्य घरी आणलं, ते म्हणजे 'संशोधन चालू आहे'. पंप बरोबर आहे का असं मला कोणी विचारलं तर संशोधन चालू आहे असं मी सांगत नाही, असं तो रात्रीच्या जेवणाला मार्लिसला दोनदा म्हणाला.

मग त्याने कामाला सुरुवात केली. पहिल्यांदा घरातली बिनतारी इंटरनेटची पेटी गेली, आणि भिंतीच्या कडेने एक लांबलचक निळी तार आली. तिच्यात मार्लिसचा पाय रोज एकदा अडकायचा. मग शेजारचा डेल्बर्ट नूर्मी आला. डेल्बर्ट आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडत होता आणि आता निवृत्त झाला होता. त्याचा स्वभाव असा, की जेवढं विचाराल तेवढंच तो सांगणार. त्याला आर्विडने विचारलं होतं की बर्चचं लाकूड आहे का. ते त्याच्याकडे होतं. दोघांनी मिळून दोन शनिवार खपून फोनसाठी एक पेटी बनवली. अंगाकडच्या बाजूला बुचाची बरोबर पंधरा मिलिमीटर जाडीची फळी, बाहेर बर्चची चौकट, वर पितळी कडी. आर्विडने ती कमरेच्या पट्ट्याला अडकवली. पेटी सुबक झाली होती, यात शंका नाही. कोटाखाली तिचा चांगला पोळीच्या डब्याएवढा फुगवटा दिसायचा.

तिसऱ्याच दिवशी तो एका पेट्रोल पंपावर माप घेत असताना एक वयस्कर बाई गाडीतून उतरली, त्याच्या कमरेकडे पाहत जवळ आली आणि त्याच्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांनाही शेवटी शेवटी पोटाला लघवीची पिशवी लावली होती. सवय होते. लाजायचं नाही बघा."

खरी हकिगत सांगायची म्हणजे सदतिसाव्या पानापासून सुरुवात करावी लागली असती. आर्विडने तिचे आभार मानले. पुढच्या महिन्याभरात आणखी तिघांनी त्याला धीर दिला आणि पोस्टात एकाने आपला रांगेतला नंबर दिला. तो त्याने घेतला. त्याबद्दल त्याला पुढे बरेच दिवस अपराधी वाटत राहिलं, पण रांगही खरोखरच मोठी होती.

पेटीने बाळगण्याचा प्रश्न सुटला, बोलण्याचा राहिला. डॉक्टरने स्पीकर सांगितला होता. आर्विडने त्यात आपल्याकडून हाताची लांबी मिसळली. फोन आला की तो उजवा हात समोर ताठ करायचा, तोंड जरा बाजूला वळवायचा, आणि लांबून ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलायचा. पलीकडच्या माणसालाही तो मोठ्याने बोलायला लावायचा. एल्क्सबर्गसारख्या गावात, जिथे माणसं घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी हवापाण्याचं विचारतात, तिथे हे जरा जड गेलं. त्याच्या साहेबाने त्याच्या रजेचा अर्ज का नाकारला, हे एका बेकरीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्याच्या बरोबरीने कळलं.

आणि मग ऑक्टोबरातला तो गुरुवार आला. आर्विड बाजारातल्या मोठ्या दुकानात मांसाच्या काउंटरवरचा काटा तपासत होता. रांगेत पहिलीच उभी होती व्हर्ना टॉलेफसन. व्हर्ना म्हणजे त्यांच्या समोरच्या घरातली, चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षा, आणि मार्लिसची सव्वीस वर्षांची मैत्रीण. दोघी रोज सकाळी सातला तळ्याभोवती फेरी मारायच्या. पारा शून्याखाली वीस गेला तरी मारायच्या. मुलगी फिनिक्सला गेल्यापासून मार्लिसचं जे काही मन मोकळं व्हायचं ते त्या फेरीतच.

फोन वाजला. आर्विडने कडी काढली, फोन बाहेर घेतला, हात ताठ केला. आता त्याच्या हाताच्या टोकाला फोन आणि फोनपासून दोन फुटांवर व्हर्ना, अशी मांडणी झाली होती. त्याने नंतर मान्य केलं की पंधरा मिलिमीटरांच्या नादात हे दोन फूट त्याच्या ध्यानात आले नाहीत.

"आर्विड," मार्लिसचा आवाज खणखणीत आला, "येताना सॉसेज आण. व्हर्नाचं हॉटडिश पुन्हा आलंय. मी नाही ते पोटात घालणार, भिंतीला कागद चिकटवायची खळ बरी. डेल्बर्टच्या कुत्र्याला घालते. मागच्या वेळी त्यानेसुद्धा हुंगून सोडलं होतं."

बटाटे, खिमा आणि डब्यातलं मशरूमचं सूप घालून भट्टीत भाजलेलं ते हॉटडिश व्हर्ना महिन्यातून एकदा न चुकता पाठवायची, आणि मार्लिस न चुकता त्याची तारीफ करायची. रांगेत कोणी हललं नाही. कसायाने सुरी खाली ठेवली. आर्विड फोन बंद करायचं बटण शोधत होता, ते हाताच्या लांबीवरून त्याला दिसेना. व्हर्नाने काट्यावरच्या हॅमकडे पाहिलं, मग आर्विडकडे पाहिलं.

"वजन बरोबर आहे ना रे?" तिने विचारलं.

बरोबर आहे, असं आर्विडने सांगितलं.

"असं होय," व्हर्ना म्हणाली, आणि हॅम न घेताच निघून गेली. एल्क्सबर्गमध्ये याहून मोठं भांडण आजवर कोणी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मार्लिस बूट घालून फाटकाशी उभी राहिली. समोरचा पडदा किंचित हलला, दार उघडलं नाही. साडेसातला ती आत आली. दुपारी तिने व्हर्नाचं भांडं घासून, त्यात खजुराच्या वड्या भरून परत नेऊन दिलं. संध्याकाळी मार्लिसची दोन जुनी भांडी तिच्या पायरीवर आली. लख्ख घासलेली आणि रिकामी. रिकामं भांडं परत येणं म्हणजे काय, हे दोघींनाही वेगळं सांगायची गरज नव्हती. मार्लिस बराच वेळ ती भांडी हातात धरून उभी राहिली.

"तुझे ते पंधरा मिलिमीटर तू सांभाळलेस," ती आर्विडला म्हणाली. "माझी मैत्रीण तेवढी लांब गेली."

ते वाक्य तू बोललीस, मी फक्त फोन धरला होता, हे उत्तर आर्विडला सुचलं होतं, पण चौतीस वर्षांच्या संसारात कोणती उत्तरं मनात ठेवायची याचाही त्याला थोडाफार सराव झाला होता.

नोव्हेंबरात चर्चच्या आवारात एक नारिंगी पाटी लागली. तिथे मोबाईलचा नवा टॉवर येणार होता, नव्वद फूट उंच. हरकती असल्यास नगर कार्यालयात कळवाव्यात. दोन दिवसांनी, मार्लिस बाहेर गेलेली पाहून, व्हर्ना सह्यांचा कागद घेऊन आर्विडच्या दारात आली. तिची आफ्रिकन व्हायोलेटची फुलझाडं नुसत्या पाटीनेच कोमेजायला लागली होती, असं तिचं म्हणणं. तुला या लहरींतलं कळतं, तेव्हा गावातर्फे तू बोल, असं तिने सुचवलं. लहरींतलं आपल्याला कळतं, हे इतक्या स्पष्टपणे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय टॉवर हटला तर आपली छाती वाचेल आणि त्या आनंदात या दोघी बोलतील, असा दुहेरी हिशेब त्याच्या मनात झाला. त्याने होकार दिला.

नगर कार्यालयातल्या कारकूनबाई मिसेस प्रुडोम यांनी त्याला बोलणाऱ्यांसाठीचा अर्ज दिला. हरकतीचं कारण म्हणून त्यात उंची, रूप, आवाज, उजेड, अंतर आणि 'इतर' असे चौकोन होते. आर्विडने 'इतर'वर खूण करून पुढे 'आरोग्य' असं लिहिलं. मिसेस प्रुडोमनी तो अर्ज वाचला, घडी घालून टोपलीत टाकला आणि त्याला कोरा अर्ज दिला. त्याने पुन्हा 'आरोग्य' लिहिलं. तोही टोपलीत गेला. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी कारण सांगितलं. देशाचा कायदाच असा होता, की लहरी ठरलेल्या मर्यादेत असतील तर आरोग्याच्या कारणावरून गावाला टॉवर नाकारता येत नाही. त्यामुळे सुनावणी घेणाऱ्या मंडळापुढे त्या विषयावर बोलून उपयोग नसतो.

"मग मी बोलू कशावर?" आर्विडने विचारलं.

"रूपावर बोला," मिसेस प्रुडोम म्हणाल्या. "सगळे रूपावरच बोलतात."

टॉवरच्या रूपाबद्दल आर्विडला काहीही वाटत नव्हतं, आणि न वाटणारं बोलायचं नाही ही त्याची खोड होती. त्याने 'अंतर'वर खूण केली. गावच्या नियमाप्रमाणे टॉवर जेवढा उंच तेवढा तो शेजारच्या हद्दीपासून लांब हवा. शनिवारी बोचऱ्या वाऱ्यात त्याने डेल्बर्टला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि टॉवरच्या जागी ठोकलेल्या खुंटीपासून हद्दीपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ते नव्वद फुटांना अकरा इंच कमी भरलं. डेल्बर्ट टोक धरून उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं असावं असं आर्विडला एकदा वाटलं, पण वारा फार होता.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. एका बाईच्या तोंडून 'डोकेदुखी' असा शब्द निसटला, तेव्हा अध्यक्षांनी तिला थांबवून ही डोकेदुखी कोणत्या सदरात बसते असं विचारलं. टॉवरकडे पाहून डोकं दुखेल, असं ती म्हणाली. मग ती रूपात बसली, आणि तिला उरलेलं दीड मिनिट मिळालं. आर्विडला पन्नास सेकंदं पुरली. त्याने नियमाचा क्रमांक सांगितला, आकडा सांगितला आणि टेप टेबलावर ठेवली. कंपनीच्या वकिलाने ही टेप कोणी प्रमाणित केली असं विचारलं. "मी," आर्विड म्हणाला, आणि खाली बसला.

टॉवर नामंजूर झाला. आता तो गावाबाहेर जुन्या खाणीच्या टेकडीवर, सहा मैलांवर जाईल, असं कंपनीने जाहीर केलं. सभागृहात जल्लोष झाला, म्हणजे चौघांनी माना डोलावल्या आणि एकजण खाकरला. व्हर्नाने हातमोजा काढून आर्विडशी हात मिळवला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मार्लिसकडेही तिने पाहिलं, आणि पोस्टमनला करतात तेवढी मान हलवली. मार्लिसने खजुराच्या वड्यांचा डबा मांडीवर धरला होता, तो तिने तसाच घरी आणला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने टेकडीवरचा नवा टॉवर सुरू केला आणि गावातल्या धान्याच्या कोठारावरचा आपला जुना टॉवर बंद केला. नवा टॉवर होणार होता तो या जुन्याच्या बदल्यातच. कोणीच हे विचारलं नव्हतं. सगळ्या गल्लीत फोनवरच्या पट्ट्या चारांवरून एकावर आल्या आणि घराच्या आत गेलं की तीही जायची. तारेचे फोन लोकांनी केव्हाच काढून टाकले होते. आर्विडचा फोन पेटीत बसल्या बसल्या गरम होऊ लागला, इतका की बुचाला वास यायला लागला. तो पेटी घेऊन डेल्बर्टकडे गेला.

डेल्बर्टने फोन हातात घेऊन पाहिला. "ओरडतोय," तो म्हणाला.

"कोण ओरडतोय?"

"फोन. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो, लांब असला की ओरडतो. आता सहा मैलांवरच्याला हाक मारायची म्हणजे जोर लावणारच. जेवढा जोर तेवढ्या लहरी जास्त." त्याने फोन परत दिला. "टॉवर चर्चपाशी असता तर तुझ्या खिशातला हा गप्प बसला असता."

हे तुला तेव्हाच ठाऊक होतं का, असं आर्विडने विचारलं.

"चाळीस वर्षं तेच काम केलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू टेपचं टोक धर म्हणालास," डेल्बर्ट म्हणाला. "मी धरलं."

आता सबंध गल्लीत फोन नीट लागेल अशी एकच जागा उरली होती, आणि ती डेल्बर्टला कुत्रं फिरवताना योगायोगाने सापडली. व्हर्नाच्या परसदाराची तिसरी पायरी. का, ते कोणाला सांगता येईना, पण त्या पायरीवर उभं राहून फोन जरा वर धरला की तीन पट्ट्या यायच्या. दुसऱ्या दिवसापासून तिथे माणसं येऊ लागली. नाही म्हणणं व्हर्नाच्या रक्तात नव्हतं. तिने पायरीवर मीठ टाकलं, पायपुसणं ठेवलं आणि आत पडदा लावून घेतला. टॉवर घालवायला सह्या देणारे सगळे आता कानटोप्या वर करून तिच्या परसात रांगेत उभे असत आणि एकमेकांची बोलणी ऐकू येत नाहीत असं दाखवत असत.

मार्लिस मात्र त्या पायरीवर गेली नाही. दर रविवारी ती गाडी काढून दोन मैलांवरच्या बँकेच्या आवारात जायची आणि काचा बंद करून मुलीशी बोलायची. मुलगी नातवाचे नवे नवे फोटो पाठवायची. ते दाखवायला मार्लिसला आर्विडच होता, आणि आर्विड ते हात लांब करून बघायचा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी आर्विडला कार्यालयात फोन करायचा होता. मासळीच्या दुकानातल्या एका काट्यात बर्फाचं वजन धरलं जात होतं की काय, असा गंभीर मामला होता. तो तिसऱ्या पायरीवर उभा राहिला. आता फोन ओरडणारा, म्हणजे नेहमीपेक्षा लांब हवा, आणि पट्ट्या हव्यात म्हणजे नेहमीपेक्षा उंचही हवा. त्याने हात पुढे आणि वर ताणला, टाचा उचलल्या, दोन पट्ट्या दिसल्या. तिसरी येते का बघायला तो एक पाऊल मागे सरकला. मागे पायरी नव्हती.

तो पडला तो उजव्या मनगटावर. फोन उडून बर्फाच्या ढिगात गेला आणि तिथून त्याच्या साहेबाचा आवाज हॅलो, हॅलो करत राहिला. आर्विड निपचित पडून आकाश बघत होता, आणि पडल्याच्या दुखण्यापेक्षा आपण व्हर्नाच्या परसात पडलो याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

दार उघडलं. व्हर्नाने मनगटाकडे एकदा पाहिलं, आपला कोट काढून त्याच्या अंगावर टाकला आणि नुसत्या स्वेटरवर, गुडघाभर बर्फ तुडवत रस्ता ओलांडला. जवळजवळ चार महिन्यांनी तिने मार्लिसचं दार ठोठावलं. तिथे ती काय बोलली ते आर्विडला मागाहून कळलं.

"मार्लिस, तुझा नवरा माझ्या पायरीवर पडलाय," ती म्हणाली होती. "सवड असेल तर ये."

गाडी व्हर्नानेच चालवली. इस्पितळ अकरा मैलांवर होतं. तिथे आर्विडला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना बसल्या. आर्विडचं मनगट चांगलंच सुजलं होतं, पण सध्या ते बोलायचा विषय नाही हे त्याला जाणवत होतं.

"मी तसं म्हणायला नको होतं," मार्लिस समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

व्हर्नाने पर्सची चेन लावली, काढली. "कुत्र्याने खरंच नाही खाल्लं?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा थोडं खाल्लं."

व्हर्नाने यावर विचार केला. "सूप मी दोन डबे घालते. आमची आई एकच घालायची."

"एक पुरे होईल."

"सव्वीस वर्षं बोलली नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," व्हर्ना म्हणाली. मग तिने सांगितलं, "मी चार वेळा एकटी गेले होते फिरायला. अर्ध्यातून परत आले. तळं फार मोठं आहे गं ते."

मार्लिसने आर्विडच्या मांडीवरून हात पलीकडे नेला आणि व्हर्नाच्या पर्सवर ठेवला. तेवढ्यात नर्सने आर्विडचं नाव पुकारलं. तो उठला, तशी मधली खुर्ची रिकामी झाली, आणि मार्लिस सरकून तिच्यावर बसली.

प्लास्टर घालून झाल्यावर नर्स संगणकासमोर बसून विचारू लागली, की इजा कशाने झाली.

"मोबाईलने," आर्विड म्हणाला.

"हातावर पडला का?"

"नाही. मी पडलो. पण कारण मोबाईल." हे वाक्य त्याने अशा सुरात उच्चारलं, की आता कोरा अर्ज पुढे येणार आणि रूपावर बोला असं सांगणार, याची त्याची पूर्ण तयारी होती.

नर्सने दोनदा टकटक केलं. "हातातलं उपकरण वापरताना. टाकलं."

"असा रकाना आहे?"

"आहे की," नर्स म्हणाली. "रोज लागतो."

डॉक्टरने जे मानलं नाही, नगर कार्यालयाने जे ऐकून घेतलं नाही, पत्रकानेसुद्धा जे एका वाक्यात उरकलं, त्याला इथे छापील रकाना होता, आकडा होता, आणि आता त्यापुढे आर्विडचं नावही होतं. मोबाईलमुळे आरोग्यावर परिणाम होतो याचा सरकारमान्य पुरावा. त्याने त्याची एक प्रत मागून घेतली आणि डाव्या हाताने ती फडकवत, मार्लिसला दाखवायला बाहेर आला.

बाहेर मार्लिस आणि व्हर्ना डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. मार्लिसने फोन काढला होता आणि चार महिन्यांचे नातवाचे फोटो एकेक करून दाखवत होती. व्हर्ना चष्मा गाडीत विसरली होती, त्यामुळे ती फोन पार नाकाशी नेऊन बघत होती, आणि बघता बघता हसत होती. नाक ते फोन, फार तर चाळीस मिलिमीटर. मार्लिसचा गाल तर फोनला टेकलेलाच होता.

आर्विडने ते अंतर नजरेनेच मोजलं आणि तोंड उघडलं. मग ते तसंच मिटून घेऊन तो मागे वळला, आणि आपल्याला इथे आणखी किती वेळ बसता येईल, असं त्याने नर्सला विचारलं.